पडसादच्या पहिल्या अंकाचं तिसरं पान

कचेरीत तिला सगळे भिंग म्हणत. 'पुढच्या महिन्यात' हे साप्ताहिकातलं सदर ती चौदा वर्षं लिहीत होती. सुपरहिरोंच्या चित्रकथांच्या कोणत्या नव्या मालिका येणार, कोणती बंद पडलेली मालिका पुन्हा एक नंबरपासून सुरू होणार, कुणाचा मुखवटा बदलला, कोण मेलं आणि कितव्या अंकात परत येणार, हे सगळं त्या एका पानात असायचं. प्रकाशक तिला नव्या अंकांची पहिली सात-आठ पानं दीड महिना आधी पाठवत. ती पानं खिडकीजवळच्या टेबलावर पसरायची आणि खरोखरच भिंग लावून बघायची. चित्रकाराने मागची गर्दी जीव ओतून काढली आहे की नुसत्या टिकल्या मारल्या आहेत, हे तिला पहिल्या मिनिटात कळायचं. दुकानदार तिचं सदर वाचून मग मागणी नोंदवत, आणि त्या मागणीवर किती प्रती छापायच्या ते ठरायचं. त्यामुळे प्रकाशक तिच्याशी फार गोड बोलत.

"आमच्या धंद्यात मेलेला माणूस तीन अंकांत परत येतो," ती म्हणायची, "फक्त कपडे नवे शिवून घेतो."

त्या सोमवारी आलेल्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'पडसाद. नवा आरंभ. अंक पहिला.' तिने पाकीट उघडायच्या आधी हात पुसले. पडसाद हा असा नायक होता की तो स्वतः कुणावर हात उगारत नसे. त्याला जो ठोसा मारी, त्याचा ठोसा त्याच्यावरच उलटत असे. बावीस वर्षांपूर्वी तो घराघरांत पोचला होता. पाच वर्षांपूर्वी मालिका बंद पडली आणि आता धूमधडाक्यात परत येत होती. सोबतच्या पत्रात नेहमीचं नाव होतं. 'पडसादचा जनक' असं तो माणूस स्वतःला इतकी वर्षं म्हणवून घेत होता की सगळे त्याला नुसतं जनक म्हणू लागले होते. पत्रात लिहिलं होतं, 'जनकांनी बावीस वर्षं मनात जपलेली पडसादच्या बालपणाची कथा, प्रथमच.'

पहिलं पान ठीक होतं. दुसरंही ठीक होतं. तिसऱ्या पानावर तिचा हात थांबला.

शिवणयंत्रापाशी बसलेली एक बाई सुईत दोरा ओवत होती. सगळं जग दोरा सुईकडे नेतं. ही बाई डाव्या हातात दोरा स्थिर धरून उजव्या हाताने सुई दोऱ्याकडे आणत होती. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. मागच्या कपाटाचं दार नीट लागत नाही म्हणून त्यात चिंधीची घडी खोचलेली होती.

ती तिची आई होती. आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

कुणा नव्या चित्रकार मुलाने चित्र पुन्हा गिरवलं होतं, रंग झकास भरले होते, पण हाडं जुनी होती. ती हाडं तिच्या दादाची होती. पडसाद त्यानेच काढला होता, पंचविसाव्या वर्षी, घरातल्या जेवायच्या टेबलावर. जनक तेव्हा प्रकाशनात संपादक होता. पहिल्या अंकावर दादाचं नाव 'रेखाटन साहाय्य' म्हणून आतल्या पानावर बारीक छापलं गेलं. पुढच्या अंकापासून तेही गेलं. दादा भिडस्त. वर्षभर काही बोलला नाही. मग त्याने पडसादच्या बालपणाची पाच पानं काढली, सतरा वर्षांच्या बहिणीकडून त्यांतल्या संवादांची अक्षरं लिहून घेतली आणि तिला बरोबर घेऊन जनकच्या खोलीत गेला. पानं दाखवली आणि हळूच नावाचा विषय काढला.

जनकने पानांच्या फोटोप्रती काढून त्यावर लाल पेन्सिल चालवली. तिसऱ्या पानावर त्याने लिहिलं, 'आई काढून टाका. हे रडगाणं कोण विकत घेणार? ठोसे वाढवा.' खाली सही, सहीखाली तारीख. मग तो दादाला म्हणाला, "नाव कसलं मागतोस? तू हात आहेस. डोकं माझं आहे. हात शंभर मिळतात." आणि तिच्याकडे वळून हसत विचारलं, "अक्षरं या पोरीची का? मुंग्या शाईत बुडवून कागदावर सोडल्यात जणू!" खोलीतले दोघं-तिघं हसले. मूळ पानं प्रकाशनाची मालमत्ता म्हणून खणात गेली. फोटोप्रती जमिनीवर पडल्या. दादा तोवर दाराबाहेर गेला होता. तिने त्या एक-एक करून गोळा केल्या.

त्यानंतर दादाने चित्र काढलं नाही. तो बुटांच्या कारखान्यात लागला. तिथे तो तळव्यांचे साचे आखायचा, आणि फार नेटके आखायचा.

त्या संध्याकाळी घरी जाऊन तिने कपाटामागचं पुठ्ठ्याचं पाकीट काढलं. पाचही प्रती शाबूत होत्या. लाल पेन्सिल जराही फिकी झाली नव्हती. तिला रडू येईल असं वाटलं होतं. त्याऐवजी कडकडून भूक लागली. बऱ्याच दिवसांनी ती पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी तिने जनकला फोन करून मुलाखत मागितली. लग्नानंतर तिचं आडनाव बदललं होतं, आणि सतरा वर्षांची ती पोरगी कोण होती हे त्याने तेव्हाही विचारलं नव्हतं. तो खूश झाला.

त्याच्या खोलीत आता गालिचा होता आणि भिंतभर पडसाद होते. तिने रेकॉर्डर त्याच्यासमोर टेबलावर ठेवला, चालू केला आणि तो चालू असल्याचं सांगितलं.

"विचारा, बाई. तुमच्या सदराला नाही म्हणणारा मूर्खच," जनक म्हणाला.

"मला फक्त तिसऱ्या पानाबद्दल विचारायचंय."

"वा! नेमकं हेरलंत. ते पान म्हणजे या अंकाचा प्राण आहे."

"सुई ओवणारी ती बाई कोण?"

जनकने डोळे मिटले. "माझी आई."

तिची कानशिलं तापली, पण आवाज तिने खाली ठेवला. "तुमची आई शिवणकाम करायची?"

"रात्रंदिवस. आम्हां भावंडांना तिने त्या यंत्रावर वाढवलं."

"सुई दोऱ्याकडे नेते ती. जरा वेगळं आहे, नाही?"

जनकने पान जवळ ओढलं. हे त्याने पहिल्यांदाच पाहिलं, हे तिला दिसलं. पण तो कसलेला गडी. "हो, तिची ती लकब होती," तो म्हणाला. "लहानपणी मी तिच्या पायाशी बसून बघायचो."

"मग हे पान बावीस वर्षं का थांबलं?"

"धाडस झालं नाही. फार खासगी होतं. काही लोक म्हणाले, आई ठेवू नका, ठोसे वाढवा. मी म्हटलं, आई राहणार. आईशिवाय पडसाद नाही!"

"कोण लोक म्हणाले?"

"असतात हो, कोती माणसं. नावं कशाला घ्यायची?"

"नको घेऊया," ती म्हणाली आणि रेकॉर्डर बंद केला. जिना तिने दोन-दोन पायऱ्या गाळत उतरला.

साप्ताहिकाच्या संपादिका मोजकं बोलणाऱ्या होत्या. त्यांनी नवं पान पाहिलं, जुनी प्रत पाहिली, ध्वनिमुद्रण शेवटपर्यंत ऐकलं. जनकने सही केलेला एक जुना अंक मागवून त्यावरची सही प्रतीवरच्या सहीशी ताडून पाहिली.

"ही बातमी आहे की सूड?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही."

"निदान खोटं बोलली नाहीस. चित्रकार तुझा कोण?"

"सख्खा भाऊ."

"तेही छापायचं. लपवलंस तर तो तेवढंच धरून बसेल आणि बाकीचं सगळं वाहून जाईल."

तसंच छापलं. त्या आठवड्याच्या सदरात एकाच मालिकेचा मजकूर होता. डावीकडे नवं तिसरं पान. उजवीकडे जुनं, लाल शेऱ्यासह, सहीसह, तारखेसह. खाली जनकचं बोलणं जसंच्या तसं. तिने स्वतःचं एकही विशेषण घातलं नाही. शेवटी दोन वाक्यं होती: 'जुनं पान काढणारा चित्रकार या सदराच्या लेखिकेचा भाऊ आहे. त्यातली अक्षरं लेखिकेची आहेत.'

मागणी नोंदवायची मुदत नऊ दिवसांवर होती. दुपारपर्यंत पहिल्या दुकानदाराचं पत्र आलं: नाव दुरुस्त होईपर्यंत एकही प्रत नको. दोन दिवसांत तशी साठ-सत्तर पत्रं झाली. पानं गिरवणाऱ्या तरुण चित्रकाराने जाहीर सांगितलं की जनकने त्याला जुनी पानं 'माझी कच्ची रेखाटनं' म्हणून दिली होती. ती प्रत्येक पत्र दोनदा वाचायची. पाण्याला निघाल्यासारखी उठायची आणि वाटेत मागणीचा ताजा आकडा विचारून यायची. आकडा खाली गेला की तिला आतून गार वाटायचं.

फक्त दादाचा फोन आला तो वेगळाच.

"मला विचारलंस?" दादा म्हणाला.

"तू नाही म्हणाला असतास."

"म्हणजे माहीत होतं तुला! कारखान्यात लोक माझ्याकडे टकामका बघतायत. आईचा चष्मा आज सगळ्या गावाने बघितला. ती तुटकी काडी कुणाला दिसू नये म्हणून फोटोला चष्मा काढून बसायची ती. आठवतं का तुला?"

तिला आठवत होतं.

"माझा सूड घेतलास की तुझा? तुझ्या मुंग्यांचा?"

"दोघांचा," ती म्हणाली. पण त्याने फोन ठेवला होता. आठ दिवस त्याने तिचा एकही फोन उचलला नाही. त्या आठ दिवसांत तिला पहिल्यांदा वाटलं की आपण दादाच्या घरात न विचारता शिरलो. तरीही केलं ते परत घ्यावं असं काही वाटेना.

नवव्या दिवशी, मुदत संपायच्या दुपारी, जनक स्वतः तिच्या कचेरीत आला. लिफ्ट बंद होती. तो चार मजले चढून आला होता आणि भिंतीला हात टेकून उभा होता. तिने खुर्ची पुढे केली नाही. शेजारच्या टेबलांवरचं काम आपोआप थांबलं.

"तुम्ही कोण ते आधी सांगायला हवं होतं," तो म्हणाला. "हा विश्वासघात आहे."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"बरं. आतल्या पानावर तुमच्या भावाचं नाव घालू. 'सहनिर्माता'. झालं? तुम्ही एक ओळ लिहा, गैरसमज दूर झाला म्हणून."

"कसला गैरसमज?"

"बाई, मालकांनी अंक थांबवलाय. मला उद्यापासून येऊ नका म्हणालेत." त्याचा आवाज चिरकला. "पस्तीस वर्षं घातली मी त्या जागेत. या वयात मी जाऊ कुठे?"

तिला दया यायला हवी होती. ती क्षणभर थांबली, येते का बघायला. आली नाही.

"बुटांच्या कारखान्यात बघा," ती म्हणाली. "हात लागतात त्यांना. डोकं नसलं तरी चालतं."

कुणीतरी मागे खुदकन हसलं. जनकने त्या दिशेला पाहिलं, मग तिच्याकडे, आणि त्याला काहीतरी उमगल्यासारखं झालं. बहुधा ती खोली, ती पोरगी. तो वळला आणि कठड्याला धरून एक-एक पायरी उतरत गेला. चारही मजले उतरेपर्यंत ती त्याची पावलं ऐकत उभी राहिली.

प्रकाशनाच्या मालकांनी दादाला पत्र पाठवलं. अंक तीन महिने पुढे ढकलला, मुखपृष्ठावर दादाचं एकट्याचं नाव घातलं आणि मूळ पानं एका जाड पाकिटातून परत केली. नव्या मालिकेची चित्रं काढाल का, असंही विचारलं. दादाने उलट टपाली कळवलं की कारखान्यात हंगामाचं काम आहे, जमणार नाही, त्या तरुण मुलालाच काढू द्या, त्याचा हात चांगला आहे, फक्त बोटांची पेरं नीट बघायला सांगा.

मग एका रविवारी सकाळी तो तिच्या दारात उभा राहिला. आठ दिवसांचे तोवर एकवीस झाले होते. चपला काढून आत आला, खुर्चीत बसला, घरभर नजर फिरवली.

"चहा ठेवू?" तिने विचारलं.

"ठेव." ती भांडं ठेवायला उठली तसा म्हणाला, "आईला विचारलं असतंस, तर तीही नाही म्हणाली असती."

"हो."

"पुढच्या वेळी असलं काही करायचं असेल तर आधी मला सांगायचं. मी नाही म्हणेन. तरी सांगायचं."

"सांगेन."

तिने कप त्याच्यापुढे ठेवला. दादाने बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि बशी तशीच धरून राहिला.

"तो तुझ्या कचेरीत आला होता म्हणे."

"कोणी सांगितलं?"

"कळतं. चार मजले चढून आला होता?"

"लिफ्ट बंद होती."

"धापा टाकत होता?"

तिने दादाकडे पाहिलं. एवढी वर्षं ज्याला ती भिडस्त, भिडस्त म्हणत आली, त्याचे डोळे लकाकत होते.

"बोलता येत नव्हतं त्याला धड," ती म्हणाली.

"बसायला दिलंस?"

"नाही."

दादाने बशी खाली ठेवली. चहा थोडा सांडला, तो त्याने पुसलाही नाही. खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि पुढे वाकला.

"असं तुटक नको," तो म्हणाला. "तो जिन्यात दिसला तिथपासून सांग. आणि त्याचं तोंड कसं झालं होतं, ते सगळ्यात सावकाश सांग."