दोऱ्याची बोंडं

प्रियांकाला पीएच.डी. करायला सांगितलं कुणी, असं विचाराल तर खरं उत्तर एकच आहे: कुणीच नाही. माहेरी दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं आणि सासरी दहावीपर्यंतसुद्धा फार जण पोचले नव्हते. पण बाईला खुमखुमी! एम.एस्सी. झाली, लग्न झालं, सृष्टी झाली, आणि तरी एक दिवस परभणीच्या विद्यापीठात जाऊन कापसाच्या संशोधनाला नाव घालून आली. वर मानवतच्या एका कॉलेजात तासिकांवर शिकवायचं. बरं, घरचं कुणी करायचं? तेही तिनंच. म्हणजे सकाळी शेत, मग एसटी, मग कॉलेज, परत एसटी, परत शेत, आणि मग चूल. बघणाऱ्यालाच धाप लागायची.

शेत मधे कुठून आलं, तर ते असं. कापसाच्या दोन वाणांचा संकर करायचा म्हणजे संध्याकाळी झाडापाशी असावं लागतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही. संध्याकाळी उद्या उमलणारी कळी हेरायची, चिमट्यानं तिच्यातले पुंकेसर काढायचे, वर कागदाची टोपी घालायची. सकाळी दुसऱ्या वाणाच्या फुलातले पराग आणून तिला लावायचे. परभणीच्या प्लॉटवर हे करायचं तर मुक्काम तिथंच ठोकायला हवा. नोकरी मानवतला, लेकरू गावात, ही परभणीत कशी राहणार? म्हणून तिनं गाइडच्या, प्रभावती मॅडमच्या, हातापाया पडून परवानगी काढली की संकराचं काम सासऱ्याच्या शेतात करीन.

"घरचं शेत म्हणजे घरची माणसं आली," मॅडम म्हणाल्या होत्या. "सांभाळ म्हणजे झालं."

"मॅडम, माझ्या सासूबाई सोन्यासारख्या आहेत," प्रियांका म्हणाली. आणि त्यात खोटं काहीच नव्हतं, हेच तर दुखणं आहे.

धुरपताबाई, म्हणजे तिची सासू. प्रियांका तिला आत्या म्हणायची आणि सासऱ्यांना मामा. गुडघे गेलेले, पण जीभ शाबूत. सून रोज संध्याकाळी वाकून वाकून कळ्यांना कागदी टोप्या घालायलीय, त्यांच्या देठाला रंगीत दोरे आणि कागदाच्या चिठ्ठ्या बांधायलीय, हे बघून तिला आधी हसूच आवरेना.

"काय गं, कापसाचं लगीन लावायलीस व्हय?"

"तसंच समजा, आत्या."

"आन् हे दोरं? मंगळसूत्रं?"

दोघी पोट धरून हसल्या. आता इथंच प्रियांकानं सांगायला पाहिजे होतं, की आत्या, लाल दोरा म्हणजे एक नवरा, निळा म्हणजे दुसरा, पिवळा तिसरा, हिरवा चौथा. आणि कोणाचं बी कोणाचं, हे त्या दोऱ्यावाचून देवालाही ओळखू येणार नाही. पण अंधार पडत होता, सृष्टीला ताप होता, भाकरी व्हायच्या होत्या. तिनं एवढंच म्हटलं, "आत्या, ह्या दोऱ्याच्या बोंडांना कुणी हात लावायचा नाही बरं का. ही बोंडं गेली तर माझं सगळं गेलं."

धुरपताबाईनं ते शब्द काळजात धरले. त्या दिवसापासून त्या पट्ट्याकडं कुणाची बकरी फिरकायची टाप नव्हती. वेचायला आलेल्या बायांना ती बांधावरूनच हाकायची, "तिकडं न्हाई, तिकडं न्हाई, सुनंचं हाय ते!" एरवी गुडघ्याला तेल लावीत बसणारी म्हातारी दिवसातून एकदा तरी तिथं चक्कर मारून यायची.

आणि हे सगळं एका बोलीवर चाललं होतं. अक्षय्य तृतीयेला सगळे जेवायला बसले असताना सासरे किशनराव चार पाहुण्यांच्या देखत बोलून गेले होते, "यंदाचा हंगाम. मंग बस्स. लेकरू तिच्या आजीनं किती दिवस सांभाळायचं?" पाहुण्यांनी माना डोलावल्या. प्रियांकाचा नवरा हरिओम ताटात बघत राहिला. प्रियांकानंही हो म्हटलं, कारण खरंच एकच हंगाम पुरणार होता. संकराचं बी हातात आलं की पुढची लागवड परभणीच्या प्लॉटवर, मॅडमच्या माणसांच्या हाताखाली, आणि तिनं फक्त अधूनमधून जाऊन मोजमाप करायचं. आता सगळं त्या बियांवर होतं. बोंडं फुटली की लाल दोऱ्याची वेगळी, निळ्याची वेगळी अशी वेचायची, म्हणून चार पिशव्यासुद्धा तिनं शिवून कपाटात ठेवल्या होत्या.

कार्तिकात बोंडं फुटली. रविवारी वेचू, असं तिनं ठरवलं, आणि रविवारच्या आदल्याच दिवशी दुपारी आभाळ भरून आलं.

त्या दिवशी कॉलेजात परीक्षा होती. पर्यवेक्षकांनी मोबाइल ऑफिसात ठेवायचे, असा नियम. प्रियांका वर्गात येरझाऱ्या घालीत होती आणि खिडकीतून काळं होत चाललेलं आभाळ बघत होती. दोनदा ती दारापर्यंत गेली आणि दोनदा परत फिरली. पेपर सोडून गेलं तर नोकरी जाणार, आणि नोकरी गेली तर संशोधनाचा खर्च कुणाकडं मागायचा? पेपर सुटल्यावर ती ऑफिसात धावली. मोबाइलवर सासऱ्याच्या नंबरचे कॉलच कॉल.

फाट्यावर एसटीतून उतरली तेव्हा पाऊस पडून गेला होता. चप्पल चिखलात रुतायला लागली तशी तिनं ती हातात घेतली आणि पळत घर गाठलं.

ओसरीत धुरपताबाई ओल्याचिंब लुगड्यानं बसली होती. दोन्ही गुडघे चिखलानं माखलेले, म्हणजे रांगत वेचलं असणार. आणि बाजेवर, तिच्या ठेवणीतल्या पातळावर, पांढरास्वच्छ कापसाचा ढीग.

"आलीस? घाबरू नको!" म्हातारीचा चेहरा फुलून आला होता. "तुला फोन लावून लावून तुझे मामा थकले. मंग मीच गेले. म्हनलं, ह्येच भिजलं तर पोरीचं समदं गेलं. एक बोंड भिजू दिलं न्हाई बघ!"

"आत्या... दोरे?"

"काढले की! दोरं, कागद, पाला, समदं निवडलं. एक काडी घावली तर माझं नाव बदल."

सृष्टी आतून पळत आली. "आई, बघ!" तिच्या मनगटावर लाल, निळा, पिवळा, हिरवा असा गोफ विणलेला होता. "आजीनं केला!"

प्रियांका बाजेपाशी बसली. कापसाच्या ढिगाकडं बघत राहिली. सगळं होतं त्यात. तिच्या सगळ्या संध्याकाळी आणि सगळ्या सकाळी, एक बी न हरवता, आणि त्यातलं एकही आता कुणाचं म्हणून सांगता येणार नव्हतं. तिला किंचाळावंसं वाटलं. खरंच वाटलं. आई गं, काय केलंत हे, असं ओरडून तो ढीग उधळून द्यावासा वाटला.

तेवढ्यात किशनराव पायरीवर घोंगडं झटकत चढले. "झालं का सुनंचं?" त्यांनी बायकोला विचारलं, आणि आवाजात धार होती. "हिची मूठभर बोंडं येचीत बसली आन् आपला फुटलेला कापूस समदा उभ्या झाडावर भिजला. आता घ्या काळा पडलेला माल."

"भिजू द्या," धुरपताबाई फटकन म्हणाली. "आपला पुन्हा फुटंल. तिचा कुठून आणायचा?"

आता सांगा, ह्याच्यावर कुणी काय बोलावं?

"लय चांगलं केलं, आत्या," प्रियांका म्हणाली. "उठा आता. लुगडं बदला, थंडी भरंल."

सोमवारी ती परभणीला गेली. मॅडमनी पिशवी उघडली, एकदा आत बघितलं आणि पुन्हा बंद केली. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी चष्मा काढून नुसते डोळे चोळले.

"हा आता नुसता कापूस आहे, प्रियांका."

"माहीत आहे, मॅडम."

"पुढच्या हंगामात सगळं पहिल्यापासून करायचं. मुदतवाढीचं मी बघते. घरचं तू बघ."

घरचं तू बघ! जसं काही ते मुदतवाढीपेक्षा सोपं होतं. येताना ती मानवतला हरिओमच्या दुकानात गेली. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून द्यायचं त्याचं छोटं दुकान. तांब्याच्या तारेत गुंतलेल्या माणसासमोर तिनं सगळं सांगून टाकलं. त्यानं तारेचं वेटोळं खाली ठेवलं.

"आईला सांगून टाक," तो म्हणाला. "खरं कळलं तर ती स्वतःच म्हणंल, घे अजून एक वरीस."

"म्हणतील. आणि मामा?"

दोघांनाही ठाऊक होतं. आपला कापूस भिजवला तो भिजवला, वर सुनेचं शिक्षणही बुडवलं, हे किशनराव मरेपर्यंत म्हातारीला ऐकवतील. लग्नात ऐकवतील, बारशात ऐकवतील, पाहुण्यांच्या पंगतीत ऐकवतील. आणि ती गुडघ्यावर हात ठेवून खालमानेनं ऐकत बसेल.

"मग सांगू नको," तो म्हणाला. "पण न सांगता वरीस कसं मागशील?"

बोललं तर म्हातारी मेल्याहून मेली, नाही बोललं तर आपण मेलो. मधे उभं राहायला जागाच नाही. एसटीत तिला खिडकी मिळाली, पण बाहेर काय गेलं ते तिला दिसलं नाही.

त्रिपुरी पौर्णिमेला सकाळी धुरपताबाई तिच्याजवळ आली. बिचकत बिचकत म्हणाली, "तुझं काम झालं असंल तर त्यातला मूठभर कापूस दे न मला. यंदा त्रिपुरवात त्याचीच करते. म्हनलं, तुझ्या हातचा कापूस, तुझ्यासाठीच देवाला लावावा."

प्रियांकानं पिशवीच आणून दिली. दोघी ओसरीत बसल्या. सासू सरकी काढायची, कापूस पिंजायची, मांडीवर वात वळायची. सून सरकी एका वाटीत गोळा करत होती. सवयीनं तिचे डोळे प्रत्येक दाण्यावर जात होते. हा टपोरा दाणा लाल दोऱ्याचा असेल का? हा निळ्याचा? मग आपल्याच खुळेपणाचा तिला राग आला आणि तिनं वाटी दूर सारली.

"म्हशीला घालू का गं ती?" धुरपताबाईनं विचारलं.

"घाला, आत्या."

दिवेलागणीला दोघी महादेवाच्या देवळात गेल्या. किशनराव पायरीवर गावातल्या जाणत्यांत बसले होते. धुरपताबाईनं पणतीत तुपात भिजलेली वात ठेवली, काडी ओढली, आणि हात जोडून मोठ्यानंच म्हणाली, "देवा, माझ्या सुनंचं एवढं पार पाड. लय वढाताण झाली लेकराची. पुढल्या वर्सापासून घरात बसून दोन घास सुखानं खाऊ दे तिला."

आता नाही तर कधीच नाही.

"आत्या, मला अजून एक वरीस लागतंय."

धुरपताबाईचे जोडलेले हात तसेच राहिले. "कामून? समदं तर आलं. मी माझ्या हातानं येचलं."

शब्द प्रियांकाच्या अगदी ओठांवर आले होते. तिनं त्या हातांकडं बघितलं. बोंडांची कवचं लागून बोटांना पडलेल्या चिरा अजून भरल्या नव्हत्या. पायरीवर सासऱ्यांचं बोलणं थांबलं होतं. ते ऐकत होते.

"माझंच चुकलं, आत्या," ती म्हणाली. "माझाच हिशेब चुकला. सगळं परत करावं लागंल."

सासू चिडली असती तर बरं झालं असतं. चिडणाऱ्या माणसाशी भांडता येतं, दोन दिवस अबोला धरता येतो, रडून हट्ट करता येतो. पण धुरपताबाईनं तुपाचा हात पदराला पुसला आणि सुनेच्या डोक्यावर ठेवला.

"मला दिसायलंच होतं गं माय," ती हळू आवाजात म्हणाली. "किती वढशील एकली? आपल्यात कोन शिकलंय एवढं? न्हाई जमलं, न्हाई जमलं. सोड आता. कोनी एक शब्द बोलनार न्हाई तुला. ह्यायला मी सांगते. मी हाय न!"

पायरीवर किशनरावांनी खाकरून घसा साफ केला आणि जाणत्यांची बोलणी पुन्हा सुरू झाली. म्हणजे निकाल लागला.

"रडू नको," धुरपताबाईनं तिला जवळ ओढलं आणि पणतीकडं बोट दाखवलं. "पर कापूस लय गुनाचा निघाला बघ तुझा. किती सावकाश जळायलाय."

"हो, आत्या," प्रियांका म्हणाली. आणि देवळाच्या दारातून वारा आत आला, तशी तिनं वाकून वातीला दोन्ही हातांचा आडोसा केला.