माझ्या पोटातली कोरी जागा

मित्रांनो, मी दूरच्या डोंगरांचा एक जुना नकाशा आहे. पाठीला कापड आणि अंगभर तपकिरी रेषा. या रेषा दाटीने आल्या की समजायचं, चढ उभा आहे. तिथला प्रत्येक ओढा, प्रत्येक खिंड माझ्यावर आहे. फक्त मधोमध अंगठ्याएवढी जागा कोरी आहे. तिथे काय असेल, या विचारातच माझा जन्म गेला.

मला काढणारे मोजणीदार भारी हट्टी. त्या जागेवरचं धुकं हटेना, म्हणून ते समोरच्या टेकाडावर नऊ दिवस बसून राहिले. शिधा संपला तेव्हाच परतले.

त्यांचे साहेब म्हणाले, "द्या दोन रेषा ओढून. कोण जातंय तिथे बघायला?"

"जे पाहिलं नाही ते कसं काढू, साहेब?" मोजणीदार म्हणाले. जागा कोरीच राहिली.

पुढे नवा नकाशा आला. त्यात कुणीतरी अंदाजपंचे रेषा जोडून तिथे सोपा उतार दाखवला. त्याचं कौतुक झालं, आणि मी बचाव पथकाच्या कचेरीत कपाटावर धूळ खात पडलो. खोटं कशाला बोलू, मला त्याचा हेवा वाटायचा.

एका सकाळी एक मुलगी धावत आली. तिची आई रानफुलं शोधायला गेली होती आणि माझ्या कोऱ्या जागेपलीकडच्या ओढ्याकाठी पाय मोडून पडली होती. फोनवर एवढंच कळलं, मग तो बंद पडला.

"हा उतार सोपा आहे. तासाभरात पोहोचू," नव्या नकाशावर बोट ठेवून पथकातले काका म्हणाले.

पथकप्रमुख ताईंना मात्र जुनं ताडून पाहायची खोड. त्यांनी मला खाली काढून झटकलं. "हा काढणाऱ्यांनी एवढासा ओढासुद्धा सोडलेला नाही. मग हीच जागा कोरी का? ती कुणी पाहिलेली नाही. आपण खिंडीतून वळसा घेऊ."

"तीन तास जास्त लागतील," काका म्हणाले.

"तोवर आई तग धरेल ना?" मुलगी रडवेली झाली.

"बाळा, आम्हीच पडलो तर तिला आणणार कोण?" ताई म्हणाल्या.

खिंडीपलीकडे ताईंनी मला उघडलं. धुकं नव्हतं. उतारही नव्हता. माझ्या कोऱ्या जागेवर सरळ तुटलेला कडा होता. काकांनी नवा नकाशा घडी करून ठेवून दिला. दुपारी आई सापडली, थकलेली पण शुद्धीवर, आणि माझा जीव भांड्यात पडला.

पुढच्या आठवड्यात आई कुबड्या घेऊन, लेकीबरोबर कचेरीत आली. त्या दोघींसमोर ताईंनी पेन्सिलीला टोक काढलं आणि माझ्या कोऱ्या जागेत तो कडा काढला. मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

मित्रांनो, आम्हा जुन्या नकाशांना रद्दीत टाकू नका. आणि माहीत नसेल ते कोरं ठेवायला लाजू नका, फक्त पेन्सिल जवळ असू द्या.

कड्याच्या पायथ्याशी ताईंनी तांदळाच्या दाण्याएवढी जागा सोडली आहे. मुलीने विचारलं, "इथे काय आहे?"

"तेवढं मला दिसलं नाही गं," ताई म्हणाल्या.