आधी नंबर, मग रेकॉर्ड

कंडक्टरबाईंनी भल्याभल्या हट्टी प्रवाशांना खाली उतरवलं होतं, पण सत्र न्यायालयाच्या खिडकीतला कारकून त्यांना पुरून उरला.

"बाई, अर्ज आलाय. नाही कुठं म्हणतोय मी? पण मूळ रेकॉर्ड नाही आलं. त्याशिवाय नंबर पडत नाही, आणि नंबराशिवाय साहेबांपुढे जात नाही."

"मग रेकॉर्ड कुठाय?"

"उच्च न्यायालयात."

बाईंचा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. एक लिफ्ट बंद ठेवा, असं त्याने वहीत लिहून दिलं होतं. इमारतीच्या मालकाने ती तरीही चालू केली आणि रखवालदाराचा पाय मोडला. शिक्षा मात्र भावाला, तीन महिने. एवढ्याशा शिक्षेवर अपील नाही म्हणे. निकाल पुन्हा तपासा, असा रिव्हिजन अर्ज तेवढा करता येतो. वकिलाने तो उच्च न्यायालयात लावला. तिथे 'हे खालीही ऐकता येईल' अशी एक ओळ लिहून तो सत्र न्यायालयाकडे वर्ग झाला. जामिनाची विनंती त्यालाच जोडलेली, म्हणून तीही सोबत गेली. त्या ओळीला आज एकेचाळीस दिवस झाले, आणि भाऊ आतच होता.

उच्च न्यायालय रस्त्याच्या पलीकडेच होतं. बाई तिसरा मजला चढून गेल्या. तिथल्या कारकूनबाईंनी कपाटावरचा गठ्ठा दाखवला.

"हे काय, बांधून तयार आहे."

"मग पाठवा की!"

"कुठे पाठवू? खालून नंबर कळवायचा, मग त्या नंबरावर रेकॉर्ड जातं. पद्धतच आहे तशी."

"अहो, ते म्हणतात आधी रेकॉर्ड, तुम्ही म्हणता आधी नंबर! आमच्या बसमध्ये माणूस आधी चढतो, मग तिकीट घेतो. तुमच्याकडे तिकिटाशिवाय दार उघडत नाही आणि तिकीट विकता ते आत!"

कारकूनबाई खुदकन हसल्या. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं हसण्यासारखं होतं, तर एकेचाळीस दिवसांत कुणाला हसू का आलं नाही? दोन्ही टेबलांवर फोन होते. ते उचलायला कुणाचा हात मोडला होता का?

"एक फोन करा ना त्यांना."

"फोनवर आम्ही काही करत नाही. पत्र यावं लागतं."

दुसऱ्या दिवशी बाईंनी रजा टाकली आणि सरळ सत्र न्यायाधीशांच्या कोर्टात जाऊन बसल्या.

"ताई, मध्ये बोलू नका, साहेब चिडतात," वकील कुजबुजला.

"चिडू देत. मी काय कमी चिडलेय?"

एक प्रकरण संपताच त्या उभ्या राहिल्या आणि सगळं चार वाक्यांत सांगून टाकलं. न्यायाधीशांनी कारकुनाला बोलावलं. नंबर तिथल्या तिथे पडला. शिपाई रस्ता ओलांडून गेला आणि गठ्ठा काखोटीला मारून वीस मिनिटांत परत आला. वीस मिनिटं! बाईंना रडू यायचं, त्याऐवजी कुणाला तरी हाणावंसं वाटलं.

सरकारी वकिलांनी वाचायला वेळ मागितला. साहेबांची डायरी भरलेली. जामिनासकट सगळं एकदमच ऐकू म्हणून तारीख पडली. बाईंनी बोटांवर दिवस मोजले.

"साहेब, त्या तारखेच्या चार दिवस आधी माझा भाऊ सुटतोय."

मग सरकारी वकील म्हणाले, "मग अर्जात उरलंच काय? मागे घ्यावा."

बाईंच्या वकिलानेही मान डोलावली. "घेऊ या, ताई. तो घरी तर येतोच आहे."

"दोषी म्हणून येतोय!" बाईंचा आवाज मागच्या बाकापर्यंत गेला. "लिफ्टला हात लावू देईल का कुणी त्याला? शिक्षा तर भोगून झालीच असेल. ती चुकीची होती का, एवढं तरी बघाल की नाही?"

न्यायाधीशांनी मान वर न करता लिहिलं. अर्ज राहिला. तारीखही तीच राहिली.

संध्याकाळी तुरुंगाच्या जाळीपलीकडे भावाने तारीख ऐकली.

"ताई, म्हणजे मी घरूनच यायचं कोर्टात?"

"घरूनच ये," बाई म्हणाल्या. "इस्त्रीचा शर्ट घालून ये आणि पुढच्या बाकावर बस. अर्ज वाचताना त्यांना तू समोर दिसला पाहिजेस."