मागचा फळा

"फरशीला भोकं पाडायला बोलावतात, पण चहा घेता का म्हणून विचारत नाहीत," असं पुटपुटत सुतारकाका तिसरीच्या वर्गात बाकाच्या पायाशी उकिडवे बसले होते.

बाई दारातच थबकल्या. एकोणतीस वर्षं त्या घरची भाषा शिकवत होत्या. सगळी शाळा त्यांना 'मागच्या बाई' म्हणे, कारण त्यांचा फळा मागच्या भिंतीवर.

शाळेची रीतच तशी. मधल्या सुट्टीपर्यंत पुढच्या फळ्यावर मिशनची भाषा. सुट्टी संपली की पोरं बाकं उचलून फिरवायची, नि मागच्या फळ्यावर घरची भाषा सुरू. खडखडाट असा, की शेजारचा शिंपी त्यावर घड्याळ लावी.

मिशनच्या सिस्टरनी शाळा काढली तेव्हा त्यांचं शिकवणं पोरांच्या डोक्यावरून जायचं. मग त्यांची स्वयंपाकीण हात पुसत यायची आणि तोच धडा मागच्या भिंतीवर कोळशाने पुन्हा समजवायची. भिंत पुसून पुसून सिस्टर टेकीला आल्या, तेव्हा तिथे दुसरा फळा लागला. ऑफिसात सिस्टरचा फोटो आहे. स्वयंपाकिणीचा नाही, तिचा फळा तेवढा आहे.

"सगळ्या बाकांची तोंडं पुढेच?" बाईंनी विचारलं.

"हेडसरांचा हुकूम. बाक हलता कामा नये म्हणे." काकांनी चपलेतून अंगठा पुढे केला. "मी याच वर्गात शिकत होतो तेव्हा बाक फिरवताना यावर पडलं होतं. नख अजून काळं आहे."

"मग ठोकताय कशाला?"

"पोट आहे ना, बाई."

"किती झाली?"

"चार."

"पाचवं मी परत येईपर्यंत ठोकू नका."

"सर ओरडतील."

"ओरडू देत. मी तिकडेच चाललेय."

ऑफिसात हेडसर, संस्थेचे सेक्रेटरी आणि पहिलीच्या बाई बसल्या होत्या. मागच्या बाई न विचारता खुर्ची ओढून बसल्या.

"फरशीला ओरखडे पडतात हो," हेडसर म्हणाले.

"पायांना रबर बसवू. काका उद्या देतील करून."

"आवाज केवढा," पहिलीच्या बाई म्हणाल्या. "माझं तर डोकं उठतं."

"रबराने आवाजही जाईल."

"पोरांची पाठ भरते," सेक्रेटरी म्हणाले.

"बाक फिरवून आजवर कुणाची भरली नाही. मान मागे वळवून माझा फळा वाचला तर मात्र भरेल."

"फळा कुठे काढतोय आम्ही?" हेडसर म्हणाले. "तो राहीलच की. शाळेची आठवण म्हणून."

सेक्रेटरींनी स्वच्छ चष्मा पुन्हा पुसला. तिसरीच्या वर्गातून हातोडीचा आवाज येत नव्हता. काका थांबले होते.

बाईंनी पदर सारखा केला. जे बोलायचं होतं ते आधी त्यांनाच टोचणार होतं.

"गेल्या महिन्यात मी नातीला दवाखान्यात नेलं होतं," त्या म्हणाल्या. "तिथे ती मोठ्याने म्हणाली, आजी, भूक लागली. आपल्या भाषेत. सगळ्यांनी वळून पाहिलं, नि मी तिला कोपराने ढोसलं, हळू बोल म्हणून. मी, मागच्या बाईंनी. तेव्हा आता फरशीचं निमित्त पुरे झालं, सर. आपल्याला आपल्या भाषेची लाज वाटते."