आपल्या माणसांची खोली

परमुलखात मराठी माणसाला मराठी डॉक्टर भेटला की त्याचं निम्मं दुखणं तिथेच पळतं. डॉक्टर संग्राम घोरपडे साताऱ्याचे, चित्रा कराडची, आणि हॉस्पिटल जयपूरचं. मग काय विचारता. चित्राच्या नवऱ्याचे, मुकुंदसरांचे, दोन्ही गुडघे गोपालपुऱ्याच्या कोचिंग क्लासात वर्षानुवर्षं फळ्यासमोर उभं राहून झिजले होते आणि एकेक करून बदलायचे होते. ते घोरपड्यांकडेच बदलायचे, हे घरात कुणाला वेगळं ठरवावंसुद्धा लागलं नाही.

पहिल्या गुडघ्याच्या वेळी चित्राने दोन खाटांची खोली मागितली होती. विम्यात तेवढीच बसत होती. डॉक्टरांनी तिच्यादेखत काउंटरवरच्या मुलीला थांबवलं. "सरांना काय परक्यासारखं पडद्याआड ठेवायचं? वरची डीलक्स द्या. भाड्यातला फरक मी बघतो, वहिनी." आणि खरंच बघितला. भाड्याचा एक रुपया जास्त लागला नाही. खोलीत सोफा होता, टीव्ही होता, खिडकीतून नाहरगड दिसत होता. सर म्हणाले, एवढा थाट तर आपल्या लग्नातही नव्हता.

हॉस्पिटल विमा कंपनीच्या यादीत नव्हतं, म्हणून आधी एफडी मोडून सगळं बिल भरलं. पैसे विम्यातून परत येणार, त्यातून दुसरा गुडघा होणार, असा सरळ बेत होता. गणपतीत चित्राने मराठी मंडळाकडून डॉक्टरांना शाल-श्रीफळ देववलं. एरवी माइक दिसला की मागे सरणारी बाई, पण त्या दिवशी स्वतः उभी राहून बोलली. "आम्ही मागितली नव्हती. डॉक्टरांनी आपणहून वरची खोली दिली." टाळ्या पडल्या. डॉक्टर लाजले.

महिन्याभरात कंपनीचे पैसे आले. बिलाच्या जेमतेम निम्मे.

चित्रा तावातावाने कंपनीच्या ऑफिसात गेली. तिथल्या सुखदेवजींनी पाणी दिलं, चष्मा लावला आणि समजावलं. "मैडम, आपने कमरा बड़ा लिया. तो सर्जन, बेहोशी, ऑपरेशन थिएटर, सबका बिल बड़े कमरे के रेट से बना. हम भी उसी हिसाब से सब काटेंगे."

"पर किराया तो हमने ज़्यादा दिया ही नहीं," चित्रा म्हणाली.

"किराया छोड़िए, बाक़ी बिल देखिए."

तिने बघितलं. भूल देणाऱ्याची फी पेशंट नंतर कुठल्या खोलीत झोपणार यावर ठरते, हे तिला पन्नाशी उलटल्यावर कळलं. सुई तीच, औषध तेच, गुडघाही तोच. शहाण्या माणसांनी बसून केलेला नियम होता, त्यामुळे त्यात शहाणपण शोधायला जागाच नव्हती.

सुखदेवजी माणूस वाईट नव्हता. त्याने वाट दाखवली. मरीज़ने खोली मागितली नव्हती, हॉस्पिटलने स्वतःच दिली, असं हॉस्पिटलकडून लिहून आणा. मग मी प्रकरण वर पाठवतो. तक्रार आजच मेलवर टाका. चित्राला हायसं वाटलं. भर मंडळात सांगितलेली गोष्ट, ती कागदावर आणायला कितीसा वेळ लागणार?

आणि वेळच तर नव्हता. जानेवारीत दुसरा गुडघा झाला, तरच सर एप्रिलच्या नव्या बॅचला उभे राहू शकत होते. क्लासच्या मालकांनी तेवढीच मुदत दिली होती. खुर्चीत बसून शिकवणारा मास्तर त्यांना नको होता, आणि कोचिंगमध्ये पेन्शन नावाचा प्रकार नसतो. एक पाय नवा, एक जुना, असे सर शास्त्रीनगरच्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात भिंत धरून फिरत. बाथरूममधून यायला उशीर झाला की चित्राचा जीव खालीवर होई.

तक्रार अनुयाने लिहिली. पोरगी जयपुरातच वाढलेली. "आई, मतलब जे झालं तेच लिहायचं ना? डॉक्टर अंकलनी खुद रूम दिला."

"हो. आणि त्यांचं पूर्ण नाव घाल. त्यांच्या मेहरबानीने मिळाली म्हणावं. वाचून बरं वाटेल त्यांना."

ही अक्कल चित्राची स्वतःची. मेल गेली, कंपनीने ती जशीच्या तशी हॉस्पिटलकडे खुलाशासाठी धाडली, आणि दहा-बारा दिवसांनी डॉक्टरांचा फोन आला. घरी या, एकट्याच या.

डॉक्टरांची बायको स्वप्ना दारात आली, पण नेहमीसारखी हसली नाही. चहा ठेवून आत गेली. डॉक्टर उभेच होते.

"वहिनी, तुम्ही माझं नाव लिहिलंत?"

"चांगलंच लिहिलंय, डॉक्टर."

"तेच तर. मॅनेजमेंट विचारतंय, भाड्यात सूट कुणाला विचारून दिली. कंपनी विचारतेय, वरच्या खोलीत घालून बिल कुणी फुगवलं. मी त्यातली दमडी तरी घेतली का?"

"नाही घेतली."

"मग मला एवढं लिहून द्या, की खोली तुम्हीच मागितलीत."

चित्राला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि कानशिलं तापली. "असं लिहिलं तर आमचा क्लेम संपला."

"संपला," डॉक्टर खाली बघत म्हणाले. "मला ठाऊक आहे ते. दुसऱ्या गुडघ्याची माझी फी मी घेत नाही. भूलवाला माझा मित्र आहे, तोही ऐकेल. तुमच्याकडे आहेत त्या पैशांत बसवतो. जानेवारीचा पहिला आठवडा धरून ठेवलाय. पण तोपर्यंत हॉस्पिटलने मला ठेवायला हवं ना, वहिनी?"

माणूस धमकी देत नव्हता, हेच वाईट होतं. तो चोर असता तर चित्रा चार चौघांत त्याची अब्रू काढून मोकळी झाली असती. पण तो चांगला होता, घाबरलेला होता आणि खरं बोलत होता. विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालांकडे जाता आलं असतं, पण तिथला निकाल लागेपर्यंत एप्रिल कुठल्या कुठे गेला असता. दुसरा डॉक्टर करायचा तर तेवढे पैसे नव्हते. तिला संताप आला, आणि तो ओतायला समोर कुणीच नव्हतं. तिने स्वतःवरच ओतला.

तिने कागद घेतला. हिंदीत लिहिलं, की वरची खोली आम्हीच मागितली होती, तक्रारीत आमच्याकडून चूक झाली.

डॉक्टरांनी वाचलं. "'आग्रहाने' घाला, वहिनी. नाहीतर पुन्हा विचारतील."

तिने 'आग्रह करके' घातलं आणि सही केली. "उपकार झाले," ती सवयीने म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज तिला किळसवाणा वाटला.

घरी सर पलंगावर पाय लांब करून बसले होते. त्यांना खरं सांगायची सोय नव्हती. बायकोने खोटं लिहून मिळवलेला गुडघा त्यांनी जन्मात करून घेतला नसता. ती म्हणाली, "जानेवारीत करतायत. फी घेणार नाहीत."

सरांचे डोळे भरून आले. त्यांनी लगेच क्लासच्या मालकांना फोन लावला, एप्रिलला येतोय म्हणून दोनदा सांगितलं. मग फोन ठेवून तिच्याकडे वळले.

"आता त्या विमावाल्याची मात्र पाठ सोडू नकोस. आपण खरे आहोत, घाबरायचं काय कारण? दर सोमवारी जाऊन बस त्याच्यासमोर."

"बसते," चित्रा म्हणाली, आणि पुढच्या सोमवारी सकाळी ती पर्स घेऊन घराबाहेर पडली.