निळ्या चिठ्ठीचा ट्रे

“नऊच?” मॅडमनी निळ्या चिठ्ठीच्या ट्रेवरून दोनदा नजर फिरवली. “मावशी, तुम्हीही मोजा बरं.”

मावशींनी मोजलं. पन्नासांपैकी नऊ रेशीमअळ्या मेल्या होत्या, बाकीच्या तुतीचा पाला कुरतडत होत्या. शेजारच्या पांढऱ्या चिठ्ठीच्या ट्रेत एकतीस गेल्या होत्या. विषाणू लावलेला पाला दोन्हींना एकाच दिवशी घातला होता. फरक इतकाच, की निळ्यातल्या अळ्यांना औषध टोचून त्यांच्या स्नायूंमधलं एक प्रथिन कमी केलं होतं. त्या प्रथिनाला हाताशी धरूनच विषाणू अंगभर पसरतो, असं मॅडमचं म्हणणं. तीन वर्षं त्या हेच म्हणत होत्या आणि तीन वर्षं अळ्या त्यांचं ऐकत नव्हत्या.

मावशी प्रयोगशाळेच्या या खोलीत बावीस वर्षं पाला चिरत होत्या. त्याआधी माहेरी आणि सासरीही अळ्याच पाळल्या. आजारी अळी त्यांना इतरांच्या एक दिवस आधी कळायची. तिच्या अंगाला चकाकी येते, ती खाणं सोडून काठावर फिरू लागते. अशी अळी वेळीच उचलून टाकायची, नाहीतर सगळा ट्रे जातो, हे त्या लहानपणीच शिकल्या होत्या. प्रयोगात मात्र तिला मरू द्यायचं असतं. बावीस वर्षं त्यांनी तेही निमूट पाळलं.

पण मागच्या खेपेला प्रयोग फसला, तेव्हा मॅडम बेसिनपाशी नळ सोडून रडल्या होत्या. मावशींचा जीव तुटला. यंदा मॅडम यायच्या आधी निळ्या ट्रेत आजारी अळी दिसली, की त्या ती उचलायच्या आणि तिच्या जागी धडधाकट अळी सोडायच्या.

“उद्या सरांना दाखवते,” मॅडम म्हणाल्या. “हे जमलं ना, तर पाळणाऱ्यांची कटकटच मिटेल. तुमच्या भावालाही सांगा.”

भावाच्या सगळ्या अळ्या गेल्या वर्षी याच रोगाने गेल्या होत्या. बहिणीने सांगितलं, तर तो डोळे मिटून विश्वास ठेवणारा माणूस.

“त्याला नको,” मावशी म्हणाल्या. “सरांनाही नको. मी बदलल्यात त्या.”

“काय बदललंत?”

“आजारी अळ्या. निळ्यातल्या. चांगल्या आणून सोडल्या.”

“किती?”

“एकोणीस.”

मॅडमनी खुर्ची ओढली, पण बसल्या नाहीत. नऊ आणि एकोणीस, अठ्ठावीस; पांढऱ्यात एकतीस. ही बेरीज करायला वेळ लागत नाही. ओरडल्या असत्या, तर मावशींना बरं वाटलं असतं.

“माझ्यासाठी केलंत?”

“हो.”

“माझ्यासाठी काही करत जाऊ नका, मावशी.” वही मिटून त्या बाहेर गेल्या. प्रयोग बिघडला, एवढंच त्यांनी सरांना सांगितलं. कोणामुळे, ते सांगितलं नाही. मावशींना याचीच जास्त लाज वाटली.

महिन्याभराने पुन्हा दोन ट्रे मांडले. सातव्या दिवशी सकाळी निळ्या ट्रेतली एक अळी पाला सोडून काठावर चढली. मॅडम यायला अजून तासभर होता, आणि चांगल्या अळ्यांचा ट्रे शेजारीच होता. मावशींनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले आणि ती अळी लुळी पडेपर्यंत तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग तक्त्यावर निळ्याच्या रकान्यात सत्ताविसावी रेघ ओढली.