डाव्या बाजूची थरथर

रत्नपालने वेग नव्वदवर स्थिर केला, उजवा हात मांडीवर ठेवला आणि नुसत्या डाव्या हाताने स्टीअरिंग धरलं. देवरी मागे पडली होती. मे महिन्याचं ऊन समोरच्या डांबरावर पाण्यासारखं हलत होतं.

“आली,” तो म्हणाला. “लिही.”

शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेल्या अतुलने पडद्याकडे पाहिलं. स्टीअरिंगला चिकटवलेल्या सेन्सरची रेघ सपाट होती.

“काका, इथे काहीच दिसत नाही.”

“तुझ्या डब्याला दिसत नाही. माझ्या हाताला लागते. डावी बाजू, नव्वदला सुरू. लिही.”

अतुलने लिहिलं. तीन आठवड्यांत हेच वाक्य त्याने एकवीस वेळा लिहिलं होतं.

गाडीला अजून नाव नव्हतं. पुण्याच्या कारखान्यात तिला क्रमांक सात म्हणत. दोन माणसांची, जमिनीला टेकलेली, वेगासाठी बनवलेली गाडी. पण तिचा आकार कुणाला कळू नये म्हणून अंगभर काळ्यापांढऱ्या वेड्यावाकड्या पट्ट्या चिकटवलेल्या, आणि नंबराच्या जागी तात्पुरती लाल पाटी. तिच्या आधीच्या सहाही गाड्या हातानेच जोडलेल्या होत्या. एक भिंतीवर आदळून संपवली, एक लडाखच्या थंडीत गोठवली, एकीच्या पोटात मुद्दाम पाणी भरलं. सातवीच्या वाट्याला उन्हाळा आला होता. साठ हजार किलोमीटर पुरे झाले की तीही गॅसकटरने कापायची होती. सोमवारी.

रत्नपालने सातही चालवल्या होत्या. चाचणी-ड्रायव्हर म्हणून एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या हातांनी यंत्रांना खोटं पाडल्याचे प्रसंग कारखान्यात अजून सांगितले जात. एकदा त्याने स्टीअरिंगवर नुसता हात ठेवून मागच्या चाकाचा अर्धा आटा ढिला नट ओळखला होता. म्हणूनच या थरथरीला कुणी थेट नाही म्हणत नव्हतं. टायर बदलले, चाकं तोलली, स्टीअरिंगचा सांधा बदलला, मग सगळी जोडणीच नवी टाकली. दुसरा ड्रायव्हर बसवला, त्याला काही लागलं नाही. “तो ट्रकवरून आलेला,” रत्नपाल म्हणाला होता, “त्याला काय कळणार?”

स्टीअरिंगची ती जोडणी इंजिनीअर म्हणून अतुलनेच आखली होती. वय सत्तावीस, पहिलीच गाडी.

कोहमाऱ्याच्या ढाब्यावर थांबल्याबरोबर दोघांनी गाडीवर खोळ ओढली. तरी माणसं जमलीच. एकाने खोळीचं टोक उचललं.

“ये कौनसी गाड़ी है भाई?”

“किसी की नहीं है,” रत्नपाल खेकसला. “छोड़.”

अतुलचा फोन वाजला. तो निंबाच्या सावलीत जाऊन बोलू लागला. बोलणं कमी, ऐकणं जास्त. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

“साहेब म्हणतात, आज तक्रार बंद झाली नाही तर जोडणी नव्याने आखायची. दोन महिने पुढे जाईल सगळं. आणि मला दुसऱ्या विभागात टाकतील.”

“मी काय करू? खोटं सांगू?”

“मी खोटं सांगा म्हणतच नाही, काका. मला फक्त एकदा कुणीतरी दाखवा, कुठे आहे ती. सापडली तर मी ती दुरुस्त करीन ना.”

रत्नपालने खोळीचं उचललेलं टोक खाली ओढलं. त्यालाही तेच हवं होतं. तीन आठवडे तो एकटाच ती थरथर घेऊन फिरत होता, आणि समोरचे सगळे मान डोलावून पडद्याकडे बघत होते.

त्याची मोठी बहीण सुमनबाई सडक अर्जुनीहून ऑटोने आली होती. तो या रस्त्याने जाणार हे कळलं की ती येई. तिने डबा आणला होता. भात, अंबाडीची भाजी, वर तेल. दोघं जण बाजेवर बसून जेवले. अतुल लॅपटॉप घेऊन गाडीजवळच थांबला. जेवण झाल्यावरही रत्नपाल तक्रारच सांगत बसला; साहेबांबद्दल, यंत्रांबद्दल, आजकालच्या पोरांबद्दल. सुमनबाई हं हं करत होती.

ढाबेवाल्याने चहाचे स्टीलचे ग्लास आणले. सुमनबाईने आपला पदरात धरला. रत्नपालने डाव्या हाताने सरळ उचलला आणि बोलतच राहिला.

“अरे, चटका नाही लागून राहिला का तुले?”

“कशाचा?”

तिने त्याच्या हातातून ग्लास काढून खाली ठेवला. त्याची बोटं लाल झाली होती. ती तिने आपल्या दोन्ही हातांत धरली.

“तुया हात कापून राहिला.”

“गाडीची थरथर आहे ते. उतरायला वेळ लागते.”

“गाडीतून उतरून घंटा झाला ना बापा.”

त्याने हात सोडवून घेतला. “तुले काय समजते त्यातलं,” तो म्हणाला आणि उठला.

गाडीजवळ जाऊन त्याने खोळ वर केली, दार उघडलं आणि वाकून आत सरकला. दार लावून घेतल्यावर आत अंधारलं. कोंडलेली उष्णता भाजत होती. किल्ली त्याच्या खिशात होती. इंजिन बंद होऊन थंडावलंही होतं. त्याने दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले.

उजवीकडे काही नव्हतं.

डावीकडे ती होती. तशीच, बारीक, न थांबणारी. नव्वदची वाट बघायची गरजच नव्हती.

त्याने पकड घट्ट केली. मग सैल केली. मग हात उचलून नुसता हवेत धरला आणि त्याच्याकडे बघत राहिला. घाम कपाळावरून डोळ्यांत उतरला तरी तो पुसायचं त्याला सुचलं नाही.

बाहेरून अतुलने खोळ बाजूला केली. “काका? काय झालं? आत कशाला बसलात एवढ्या उन्हात?”

“आत ये.”

अतुल दुसऱ्या बाजूने येऊन बसला. लॅपटॉपवर तक्रारीचा तक्ता उघडाच होता. शेवटच्या रकान्यात अजून काही भरलेलं नव्हतं: दोष कोणत्या भागात.

“काय लिहू?” त्याने विचारलं. आवाजात भांडण उरलं नव्हतं. “स्टीअरिंगच लिहितो.”

“गाडीत दोष नाही, असं लिही.”

“पण तुम्ही तर आत्ता—”

“लिही म्हणतो ना.”

“असं कसं, काका? थरथर आहे म्हणता, मग—”

रत्नपालने डावा हात अतुलच्या मनगटावर ठेवला. अतुल काहीतरी बोलणार होता, तो थांबला. त्याने समोरच्या तबकड्यांवरच्या विझलेल्या काट्यांकडे पाहिलं, मग किल्लीच्या रिकाम्या जागेकडे. गाडी बंद होती; हलत होता तो फक्त मनगटावरचा हात.

“कधीपासून?” अतुलने हळूच विचारलं.

“तूच लिहिलं आहेस तारखांसकट.” रत्नपालने हात मागे घेतला. “नागपूरला आपल्या लोकांना फोन कर. दुसरा ड्रायव्हर मागव. तो ट्रकवाला असला तरी चालेल. चांगला आहे तो.”

अतुलने फोन काढला, पण नंबर लावला नाही. “कारण काय सांगू?”

रत्नपालने दार उघडलं. बाहेरचं ऊन एकदम आत आलं. एक पाय बाहेर टाकून तो तसाच बसला, जणू अजून एखादी गाडी आहे, तिच्यात नेमकं काय बिघडलं ते त्याला शब्दांत सांगायचं आहे.

“थांब,” तो म्हणाला. “मी बोलतो.”